बरणीच्या पोटातली भूक

मित्रांनो, तपकिरी मान, पिवळसर पोट आणि उचलायला दोन्ही बाजूंना कान, अशी चिनी मातीची मोठी बरणी तुम्ही आजोळी कुठेतरी पाहिली असेल. मी तशीच आहे, फक्त वयाने बरीच जुनी. माझ्या पोटात दोन घागरी पाणी सहज मावतं. एका कानाची कपची उडाली आहे, पण तेवढ्याने माझं काही अडत नाही. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ती सांगताना मी पुन्हा पुन्हा कुणाकुणाचे आभार मानीन. कंटाळू नका. आभार मानण्यासारखी माणसं भेटली, हेच माझ्या आयुष्यातलं मोठं भाग्य.

माझा जन्म भद्रावतीकडच्या एका भट्टीत झाला. माती कालवली, मळली, मला आकार दिला, सावलीत वाळवलं आणि अंगावर झिलई चढवली. मग भट्टीत घातलं. तिथल्या जाळाबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगते की आत गेले तेव्हा मी माती होते आणि बाहेर आले तेव्हा मला वाजवलं की टण्णकन आवाज यायचा. त्या झिलईमुळेच मीठ असो, चिंच असो, कैरी असो, कोणत्याही आंबटाने माझं पोट कधी खाल्लं नाही. ज्या हातांनी ती झिलई नीट, सगळीकडे सारखी लावली, त्या हातांची मी ऋणी आहे.

जिच्याभोवती माझी ही हकिगत फिरते, त्या गोकुळाबाईच्या सासूने मला मार्कंड्याच्या जत्रेत पसंत केलं. बैलगाडीत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गादीवर बसून मी वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात आले. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ओळीने जांभळीची झाडं. घरातली माणसं तलावात मासे धरायची आणि थोड्या जमिनीत धान पिकवायची. सासूबाई माझ्यात कैरीचं लोणचं घालायच्या. त्या मला आधी कडक उन्हात ठेवायच्या, हिंगाची धुरी द्यायच्या आणि तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधायच्या. वर्ष सरलं तरी लोणच्याला बुरशी यायची नाही. गावातल्या बाया म्हणायच्या की बरणी गुणाची आहे. खरं तर गुण सासूबाईंच्या स्वच्छ हाताचा होता, पण माझी स्तुती ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे सासूबाई वारल्या. घरात हलके प्लास्टिकचे डबे आले. ते पडले तरी फुटत नव्हते आणि एका हाताने उचलता येत होते. मला कुणी टाकून दिलं नाही, फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. माझ्या पोटात जुन्या जाळ्याची दोरी, गंजके खिळे आणि एक तुटका विळा आला. माझ्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं. मी रागावले नाही, पण वाट पाहत होते हे खरं.

त्या गोठ्यात असतानाच मी गावातली एक मोठी गोष्ट ऐकली. ती सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

शेजारच्या घरात बुधरीबाई राहायची. तिला एकच मुलगा होता, पत्रू. त्याला दारूचं व्यसन लागलं होतं. तेव्हा गावातल्या काही घरांत मोहाची दारू गाळत. एका संध्याकाळी पत्रू पिऊन तलावात जाळं काढायला गेला आणि परत आलाच नाही. त्याची तेरवी झाल्यावर बुधरीबाई दारू बंद करा म्हणत एकटीच दारोदार फिरली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत गोकुळाबाई निघाली आणि मग हळूहळू सगळ्या बाया निघाल्या. दारूची मडकी भर रस्त्यावर आणून फोडली गेली. फुटण्याचा आवाज गोठ्यापर्यंत आला आणि मागोमाग तो वासही आला. तेव्हापासून गावात कुणी चूल पेटवून दारू गाळली नाही. ज्या बाया त्या दिवशी पुढे झाल्या, त्यांचा शब्द गावात आजही चालतो.

काही वर्षं गेली. दर उन्हाळ्याच्या शेवटी पाळीवरची जांभळं पिकून खाली पडायची. गोकुळाबाई ती टोपल्यांत भरून बाजारात न्यायची. विकली गेली नाहीत ती संध्याकाळपर्यंत फुटून गळायची आणि तिला ती उकिरड्यावर ओतावी लागायची. मग तिने तालुक्याच्या गावी बाया-मंडळींच्या एका शिबिरात जांभळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायला शिकून घेतलं. सिरक्याला लोखंडाचं किंवा पितळेचं भांडं चालत नाही. ती विचार करत अंगणात उभी राहिली आणि एकदम गोठ्यात आली. तिने माझ्यातले खिळे काढले, राखेने आणि कढत पाण्याने मला घासलं, उन्हात पालथं ठेवलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या पोटावर ऊन पडलं, ती सकाळ मी कधीच विसरणार नाही.

सिरका कसा होतो, ते आता थोडक्यात ऐका. जांभळाच्या रसात खमीर घालतात. काही जण त्याला यीस्ट म्हणतात. हे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. ते रसातली साखर खातात आणि बुडबुडे सोडतात. त्या वेळी रस मद्यासारखा होतो. मग हवेतले दुसरे बारीक जीव त्या मद्याचा आंबट सिरका करतात. म्हणजे सिरका होण्याआधी रसाला मधल्या वाटेने जावंच लागतं. शिबिरातल्या लोकांनी गोकुळाबाईला बजावून सांगितलं होतं की या मधल्या वाटेवर थांबायचं नाही आणि तो रस कुणी प्यायचा नाही.

पहिल्या वर्षी सगळं सुरळीत झालं. जांभळं भरपूर होती, रस दाट होता. माझ्या पोटात खमीर इतकं आनंदाने नांदलं की माझ्यावर बांधलेलं फडकं फुगायचं. मधली वाट कधी आली आणि कधी गेली ते शेजाऱ्यांनाही कळलं नाही. सिरका गडद जांभळा झाला आणि गोकुळाबाईने तो घरोघरी वाटीवाटीने दिला. थोडा पुढच्या वर्षासाठी बाटलीत राखून ठेवला.

दुसऱ्या वर्षी वादळाने जांभळीचा बहर झोडपला. फळ कमी आलं. मी अर्धीसुद्धा भरेना. गोकुळाबाईला वाटलं, गोडच तर पाहिजे, म्हणून तिने गूळ विरघळवून पाणी घातलं आणि मला गळ्यापर्यंत भरलं. सुरुवातीचे काही दिवस बुडबुडे आले. मग ते मंदावले आणि एका सकाळी माझं पोट अगदी गप्प झालं. साखर अजून बाकी होती, रस गोडच लागत होता, पण कुणी तो खात नव्हतं. वरून सडक्या अंड्यासारखी घाण सुटली आणि तिच्याखालून दारूचा वास यायला लागला. रस मधल्या वाटेवरच अडकून पडला होता.

तो वास बुधरीबाईच्या अंगणात पोचायला वेळ लागला नाही. ती आली आणि दारातच उभी राहिली.

“गोकुळा, तुह्या घरातून दारूचा वास येऊन राह्यला,” ती म्हणाली.

“दारू नाई बाई, सिरका होय. अर्ध्यावर हाये.”

“अर्धी दारू म्हणजे दारूच होय,” बुधरीबाई म्हणाली आणि आत न येता निघून गेली.

संध्याकाळी देवळापुढे बाया जमल्या. मंगली नावाची एक तरुण बाई सगळ्यांत तापलेली होती. तिचं म्हणणं होतं की दुसऱ्यांची मडकी फोडताना आपण थांबलो नाही, मग गोकुळाची बरणी काय वेगळी? तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. गोकुळाबाईने वाद घातला नाही. तिने सांगितलं की हा रस सिरका झाला नाही तर बरणी ती स्वतःच्या हाताने फोडेल, फक्त तिला पोळ्यापर्यंत वेळ द्यावा. सगळ्यांनी बुधरीबाईकडे पाहिलं. बुधरीबाई मान हलवून हो म्हणाली.

आता माझा जीव पोळ्यापर्यंतचा होता. खरं सांगते, मला फुटण्याची भीती वाटली. पण त्याहून जास्त वाईट गोकुळाबाईचं वाटलं. ज्या गावातून तिने दारू घालवली, त्याच गावात तिच्यावर दारूचा डाग लागत होता.

गोकुळाबाईची मुलगी आचल चंद्रपूरला कॉलेजात शिकते. गोकुळाबाईने तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातल्या आपल्या बाईंना विचारून घेतलं आणि फोन केला. डोमाभाऊ, म्हणजे तिचे बाबा, जवळच बसले होते. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“माय, खमीर उपाशी हाये,” आचल म्हणाली.

“उपाशी कसं? केवढा गूळ टाकला मी.”

“गूळ म्हणजे निरा गोड, बाकी काई नाई. लेकराले रोज नुसता गूळ चारला तं ते वाढन का? त्याले डाळ-भाजी पायजे. खमिराचंही तसंच हाये. जांभळाच्या रसात ते सगळं असते, पण तू पाणी टाकून रस पातळ केला ना.”

मित्रांनो, तेव्हा मला माझ्याच पोटातली गोष्ट समजली. ते बिचारे बारीक जीव आळशी झाले नव्हते. समोर गोडाचा ढीग होता, पण अंगात बळ यायला जे लागतं ते मिळत नव्हतं. ती सडक्या अंड्याची घाणही त्यांच्या उपासमारीचीच होती.

आचलने सांगितलं की खमिराला घालायची खास पूड मिळते. तिच्यात जीवनसत्त्वं असतात आणि डायअमोनियम फॉस्फेट असतं. ते लांबलचक नाव ऐकताच डोमाभाऊंचा चेहरा उजळला. धानाला घालायला त्यांनी नुकतंच खत आणलं होतं आणि त्याच्या पोत्यावर हेच नाव होतं, थोडक्यात डीएपी. ते उठले, वाटीभर खताचे दाणे घेऊन आले आणि माझं फडकं सोडून हात माझ्या तोंडावर नेला.

“हे तं आपल्या घरीच हाये,” ते म्हणाले.

“थांबा वो,” गोकुळाबाई म्हणाली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. मग फोनमध्ये तिने विचारलं की धानाचं डीएपी चालते का.

“नाई बाबा, ते वावरात टाकाचं होय,” आचलचा आवाज घाबरल्यासारखा झाला. “खायसाठीचं अलग बनवते, साफ करून. पोत्यातल्यात काय काय मिसळून असते. पोटात गेलं तं माणूस बिमार पडन.”

डोमाभाऊंनी हात मागे घेतला. एकही दाणा माझ्यात पडला नव्हता. त्यांनी वाटी दूर नेऊन ठेवली, साबणाने हात धुतले आणि पायरीवर बसून राहिले. “मी तं साऱ्या गावाच्या पोटात खत टाकलं असतं,” ते हळूच म्हणाले. गोकुळाबाई त्यांना रागावली नाही. तिने त्यांना पाण्याचा गडू आणून दिला. नाव एकच असलं म्हणून वस्तू एकच नसते, मित्रांनो. त्या वेळी त्यांचं मनगट धरणाऱ्या हाताचे आणि फोनमधून थांबवणाऱ्या मुलीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

खाण्याची पूड आचल चंद्रपुरातून पाठवणार होती, पण वैनगंगेला पूर आला. रस्ता बंद झाला, एसटी बंद झाली. पूर कधी ओसरेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा आचलने बाईंना पुन्हा विचारलं की घरात मिळेल असं दुसरं काही आहे का. बाईंनी सांगितलं की तांदळाला पॉलिश करताना जो मऊ, पिवळसर कोंडा निघतो, तो पाण्यात उकळून गाळून घालता येईल. त्याच्या पाण्यात खमिराला लागणारं बरंचसं असतं. मात्र कोंडा ताजा पाहिजे.

घरात गाईसाठी कोंडा होता, पण तो जुना होता आणि त्याला कुबट वास येत होता. डोमाभाऊंनी तो हुंगून बाजूला ठेवला. मग डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ते भर पावसात बापूरावभाऊंच्या धान गिरणीकडे निघाले. खताच्या चुकीने ते खजील झाले होते. कुणी जा म्हणण्याचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

तिथे काय झालं, ते त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. गिरणी बंद होती. बापूरावभाऊंनी आधी विचारलं की हा कोंडा दारूसाठी तर नाही. डोमाभाऊंनी खरं ते सगळं सांगितलं, देवळापुढचा ठरावही सांगितला. बापूरावभाऊंनी थोडा विचार केला आणि घरातून स्वतःच्या खाण्याचं धान आणून गिरणीत घातलं. वाटीभर कोंड्यासाठी एवढी मोठी गिरणी फिरली. डोमाभाऊ पार चिंब होऊन आले, पण शर्टाच्या आत धरलेली कोंड्याची पिशवी कोरडी होती.

गोकुळाबाईने कोंडा उकळला. शिबिरातून आणलेलं थोडं खमीर उरलं होतं, त्यातलं चिमूटभर तिने त्या उकळत्या पाण्यातच घातलं. मेलेलं खमीर जिवंत खमिराला खाऊ म्हणून चालतं, असं आचलने सांगितलं होतं. मग ते पाणी गाळलं, निवू दिलं, लेकराचं दूध पाहतात तसा मनगटावर थेंब टाकून पाहिला. उरलेलं जिवंत खमीर एका स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, थोड्या रसात आणि कोंड्याच्या पाण्यात घालून फेस येईपर्यंत झाकून ठेवलं. फेस आल्यावर ते सगळं तिने माझ्यात ओतलं आणि स्वच्छ लाकडी काठीने ढवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही. गोकुळाबाई येऊन पाहून गेली. दुपारी डोमाभाऊ येऊन पाहून गेले. संध्याकाळी माझ्या बुडाशी काहीतरी हललं. एक बारीकसा बुडबुडा सुटला आणि वर येऊन फुटला. मग दुसरा. गोकुळाबाईने माझ्या पोटाला कान लावला. तिचा गाल गार होता. तिने डोमाभाऊंना बोलावलं आणि त्यांनीही दुसऱ्या बाजूने कान लावला. नवराबायको मला मध्ये घेऊन बराच वेळ तसेच बसून होते. आतला आवाज आता तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा येत होता.

सडक्या अंड्याची घाण गेली. पण संकट गेलं नव्हतं. खमिराला बळ आलं, त्याने उरलेली साखर खाल्ली, आणि दारूचा वास आधीपेक्षा जास्त येऊ लागला. मधली वाट ओलांडायची तर आधी ती पुरी चालावी लागते, पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं? मंगली दारात येऊन सांगून गेली की पोळ्यापर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही. गोकुळाबाईने त्या दिवशी धड जेवण केलं नाही. मग ती उठली आणि थेट बुधरीबाईकडे गेली. शेजारचंच घर, त्यामुळे बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“बाई, बरणी तुमच्या घरी ठेवा,” गोकुळाबाई म्हणाली. “माह्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या नाकावर ठेवा.”

“माह्या घरी?” बुधरीबाई म्हणाली. “पत्रू गेला तवापासून हा वास माह्या उंबरठ्याच्या आत आला नाई.”

“म्हणून तं आली बाई. हा वास कसा जाते, ते तुम्हीच पाहा.”

मग झाडू फिरल्याचा आवाज आला. बुधरीबाई आपल्या ओसरीचा कोपरा झाडत होती.

गोकुळाबाई आणि डोमाभाऊंनी मला पोत्याच्या झोळीत घालून हळूहळू तिकडे नेलं. मागच्या वर्षीचा राखून ठेवलेला सिरका माझ्यात ओतला, म्हणजे आंबट करणाऱ्या जिवांचं विरजण लागेल. तोंडाला हवा जाईल असं पातळ फडकं बांधलं. आता मला ढवळायचं नव्हतं. सावलीत ठेवायचं, माश्या येऊ द्यायच्या नाहीत आणि फडकं ओलं झालं की बदलायचं, एवढंच काम होतं.

पहिले काही दिवस बुधरीबाई नाकाला पदर लावून यायची, फडकं बदलायची आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. माझ्याकडे पाठ करून ती तांदूळ निवडायची. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. ज्या वासाने तिचा मुलगा नेला, तो तिने घरात घेतला होता. गोकुळाबाईवर तिची माया होती म्हणूनच घेतला होता. असं धैर्य मी भट्टीतून निघाल्यापासून पाहिलं नव्हतं.

पूर ओसरला आणि आचल घरी आली. खमिराच्या खाऊची पुडी तिने आणली होती. आता तिची गरज उरली नव्हती, म्हणून गोकुळाबाईने ती पुढच्या वर्षासाठी ठेवून दिली. आचलने माझं फडकं सोडून आत पाहिलं. रसावर पातळ साय धरली होती. तिने बुधरीबाईला जवळ बोलावलं.

“बाई, हे सिरक्याची आई होय,” ती म्हणाली. “हिले हालवू नका.”

“आई काऊन म्हणते व हिले?”

“हेच दारूचा सिरका करते, म्हणून.”

बुधरीबाई वाकून त्या सायीकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून तिने नाकाचा पदर काढला. ती तांदूळ निवडायला माझ्याजवळ येऊन बसू लागली. मग ती बोलूही लागली. पत्रू लहानपणी जांभळीवर चढायचा, जीभ जांभळी करून यायचा आणि काही खाल्लं नाही म्हणायचा, अशा गोष्टी ती सांगायची. कधी हसायची. एकदा सांगता सांगता ती थांबली. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

“त्याले मी लय बोलली,” ती म्हणाली. “घरी आला की बोलली. जेवला का रे, असं शेवटी शेवटी इचारलंच नाई.”

मला उत्तर देता आलं असतं तर मी तिला म्हटलं असतं की तुझ्या मुलाला दारूने नेलं, तुझ्या बोलण्याने नाही. पण मी बरणी. मी फक्त तिचं सगळं ऐकून घेतलं. दररोज दारूचा वास थोडा थोडा कमी होत गेला आणि त्याच्या जागी नाकात झणका आणणारा आंबट वास आला. सगळ्यांत आधी तो बुधरीबाईलाच कळला, पण तिने कुणाला काही सांगितलं नाही. ठरल्या दिवसाची तिने वाट पाहिली.

पोळ्याला बैल सजून मिरवून आले. पुरणाचं जेवण झालं आणि बाया बुधरीबाईच्या ओसरीवर जमल्या. मंगली पुढे होती. बुधरीबाईने स्वतः फडकं सोडलं, साय एका बाजूला सारली आणि वाटीत सिरका काढून मंगलीच्या हाती दिला. मंगलीने वास घेतला, मग बोट बुडवून जिभेला लावलं. तिचे डोळे मिटले, खांदे वर गेले, तोंड चिंच चावल्यासारखं झालं. बाया हसू लागल्या आणि तीही हसली. वाटी हातोहात फिरली. शेवटी ती बुधरीबाईकडे आली. तिने एक थेंब जिभेवर ठेवून चाखला.

“गेली व दारू,” ती म्हणाली.

मंगलीने गोकुळाबाईचा हात धरला. मग तिने भाजीत घालायला तिच्याकडे वाटीभर सिरका मागितला. गोकुळाबाईने तिला तांब्या भरून दिला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत होती, तेव्हा गोकुळाबाई आणि डोमाभाऊ पोत्याची झोळी घेऊन मला न्यायला आले. बुधरीबाई माझ्यासमोर उभी राहिली.

“राहू दे इथीच,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यावर कोणाचं तरी पाहावं लागते मले.”

गोकुळाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि झोळी घडी करून काखेत मारली. डोमाभाऊंनी माझ्याखाली एक सपाट दगड नीट बसवून दिला. तेव्हापासून मी बुधरीबाईच्या ओसरीवर आहे. आता दर वर्षी गावातल्या बाया मिळून जांभळं वेचतात. रसात गरजेपेक्षा जास्त पाणी घालत नाहीत आणि खमिराच्या खाऊची पुडी आधीच आणून ठेवतात. मधल्या वाटेचा वास आला की बुधरीबाईच नव्या सुनांना समजावून सांगते की घाबरू नका, थोडं थांबा.

मित्रांनो, तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. कोपऱ्यात पडलेलं जुनं भांडं टाकून देण्याआधी एकदा घासून उन्हात ठेवा. पोत्यातली, पुडीतली कोणतीही पूड नाव ओळखीचं वाटलं म्हणून तोंडात घालू नका, मोठ्यांना विचारा. आणि आपल्यासाठी राबणारं कुणी गप्प झालं, मग ते झाड असो, जनावर असो की माणूस, तर त्याला लगेच वाईट ठरवू नका. त्याला काय कमी पडलं ते शोधा. ते फार महागाचं नसतं. माझ्या वेळी ते एक वाटी कोंडा होतं. ती वाटी भरायला जे जे धावले, त्या सगळ्यांची मी जन्मभर आभारी आहे.

आता पुन्हा जांभळं पिकली आहेत. सकाळपासून लेकरं पाळीवर जमली आहेत आणि टोपल्या भरून इकडे आणत आहेत. बुधरीबाईने टोपल्या ओसरीवर ठेवून घेतल्या, पण कुणालाच परत जाऊ दिलं नाही. तिने सगळ्यांना रांगेत बसवलं आहे, जांभळ्या जिभांसकट, आणि ती आता एकेकाच्या ताटात भात वाढते आहे.